होईल हो अ‍ॅडजस्ट!

"काही होत नाही हो, दोन दिवस भांडतील, मग होईल अ‍ॅडजस्ट." हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी चार जणांच्या तोंडून ऐकलं. त्यातले तिघे माझे नातेवाईक आहेत आणि माझं लिखाण न चुकता वाचतात, म्हणून उत्तर इथेच देते. चौथा मासे विकणारा दुकानदार. तो वाचत नाही, पण खरा राग त्याच्यावरच आहे.

विषय आमच्या घरातल्या माशाचा. नातू शिकायला बाहेरगावी गेला आणि त्याची दीडशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी माझ्या दिवाणखान्यात आली. त्याला तीन वर्षं झाली. टाकीत एकच क्लाउनफिश. नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे. लहान मुलं बघताक्षणी 'निमो' म्हणून ओरडतात तोच. घरी येणारा प्रत्येक जण टाकीपुढे उभा राहून हळहळतो, "बिच्चारा, एकटाच!" आणि पुढचं वाक्य ठरलेलं, "त्याला एक बायको आणा की."

बायको? अहो, तो 'तो'च उरलेला नाही, बहुधा 'ती' झाली आहे! क्लाउनफिशची सगळी पिल्लं आधी नर असतात. गटातला सगळ्यात मोठा मासा मादी होतो, दुसऱ्या नंबरचा तिचा नर, आणि बाकीचे लहानखुरे नुसतेच वाट बघत राहतात. मादी मेली की तिचा नर मादी होतो आणि खालचा एक जण वर सरकतो. फ्रिक नावाच्या दांपत्याने समुद्रात निरीक्षणं करून १९७७ साली 'नेचर'मध्ये हे लिहिलं. हा प्रवास एकाच दिशेचा. एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. तेव्हा तीन वर्षं एकट्याने राज्य केलेला, तीन इंची मासा मादी झालेला असणार असंच धरून चालावं. (त्या सिनेमातल्या बापाचं पुढे काय व्हायला हवं होतं, ते नातवंडांना सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.)

सिनेमा आला २००३ साली, आणि त्याच वर्षी पीटर बस्टन या संशोधकाचा एक छोटा लेख 'नेचर'मध्ये आला. सिनेमा सगळ्यांनी पाहिला, लेख कोण वाचणार! त्याने पापुआ न्यू गिनीजवळच्या समुद्रात हेच मासे पाहिले. खालच्या नंबरचा मासा आपली वाढ मुद्दाम रोखून धरतो. वरच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात लहानच राहतो, कारण बरोबरीला आला की वरचा त्याला हाकलणार. समुद्रफुलाच्या आसऱ्याबाहेर हाकलणं म्हणजे मरणच. थोडक्यात, या माशांत अंगाचा आकार हीच भाषा आहे. लहान असणं म्हणजे "मी तुझ्या जागेवर डोळा ठेवलेला नाही" असं सांगणं.

आता दुकानदार काय सांगतो ऐका. "आजी, सेम साइझचा घ्या, जोडी शोभून दिसते." सेम साइझचा! म्हणजे माझ्या टाकीतल्या मादीपुढे नेमका तोच मासा उभा करायचा जो तिला स्पर्धक वाटणार, कदाचित दुसरी मादीच. आमच्या जाऊबाईंच्या मुलाने दुसऱ्या एका दुकानातून असाच ऐकून मासा आणला, पिशवी उघडली आणि सोडला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो तळाशी होता, शेपटी कुरतडलेली. दुकानात विचारलं तर उत्तर आलं, "माल कमजोर असेल." माल! अहो, तो कमजोर नव्हता. त्याला पळायला जागा नव्हती, चारी बाजूंना काच होती.

यावर कुणीतरी म्हणणारच, की आमच्या ओळखीत दोन सारखेच आणले आणि छान नांदताहेत. नांदत असतील. दोन अगदी लहान पिल्लं एकदम, एकाच दिवशी सोडली तर दोघंही अजून काही ठरलेली नसतात. थोडी ढकलाढकली होते, एक पुढे जातं, मादी होतं, दुसरं मागे राहतं. ती गोष्ट वेगळी. इथे एक घर आधीच एकीचं आहे.

चौतीस वर्षं वर्गावर काढली. अर्ध्या वर्षात बदली होऊन आलेलं पोर मुख्याध्यापक दारात आणून सोडायचे आणि "बसेल हळूहळू" म्हणून निघून जायचे. बसायचं कुठे ते बाईंनी बघायचं! नव्या सुनांनाही हेच सांगतात. 'अ‍ॅडजस्ट' हे ज्याला कुणी काही विचारलेलं नाही त्याच्याच वाट्याला येतं. असो, विषय माशांचा आहे.

दुसरा मासा आणूच नये असं मी म्हणत नाही. (न आणल्याने काही बिघडत नाही हे मात्र म्हणते. ती व्यवस्थित खाते, आणि हे मासे पाळलेल्या टाकीत वीस वीस वर्षं जगलेले आहेत.) आणायचा तर तिच्याच जातीचा, तिच्या निम्म्याने लहान, पिल्लूच म्हणावं असा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यांच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवलेलं आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेला नको, हॅचरीतला मागा. आधी चार आठवडे वेगळ्या टाकीत. क्लाउनफिशला ब्रुकलिनेला नावाचा परजीवी फार छळतो आणि तो दुकानातून फुकट मिळतो! मग मोठ्या टाकीतच भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात आठ-दहा दिवस. तिने त्याला बघावं, काचेवर धडका मारून घ्याव्यात, कंटाळावं. सोडायच्या दिवशी दगडांची मांडणी बदलायची, म्हणजे तिचाही "हा कोपरा माझा" हा हिशेब चुकतो. दिवे मालवून सोडायचा.

आणि मग खुर्ची ओढून बसायचं. ती अंगावर धावून जाईल, एखादा चावा घेईल. पिल्लू एका कुशीवर कलून थरथरायला लागलं तर घाबरू नका, आनंद माना. ते झटके नाहीत, ती शरणागती आहे. एवढं दिसलं की बहुतेकदा निभावतं. पण पंख फाटायला लागले, पिल्लू पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात चिकटून राहिलं, खायला येईना, तर त्याच क्षणी बाहेर काढायचं आणि पुन्हा डब्यात. "आणखी एक दिवस बघू" नाही. त्या एका दिवसातच मासा जातो. आणि काही माद्या कुणालाच घेत नाहीत. मग पिल्लाला दुसरं घर शोधून द्यायचं, ते आधीच ठरवून ठेवायचं.

नातू दिवाळीला येतोय. वेगळी टाकी, डबा, सगळं त्याला आणायला सांगितलं आहे, आणि सुट्टीत निदान पंधरा दिवस तो टाकीपुढे बसणार असेल तरच मासा आणू असंही. तोवर भाऊबीजेची भेट म्हणून कुणीही पिशवीत मासा घेऊन माझ्या दारात येऊ नये. विशेषतः ठाण्याच्या मंडळींनी.