लवणस्तंभांत मीठ किती?

प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा अधिकार नाहीं, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. काशी, पंढरपूर आणि सेवानिवृत्तीनंतर घडलेलें रामेश्वर एवढीच आमची यात्रा. परंतु चिरंजीव नोकरीनिमित्त व्हिएन्नास असल्यामुळें सन २०२३ च्या उन्हाळ्यांत आम्हां उभयतांस परदेशगमनाचा योग आला. तेथील एका दिवसाचा वृत्तान्त सांगितल्यावांचून मात्र आम्हांस चैन पडणार नाहीं. त्या दिवशीं आम्हीं भूमीच्या पोटांत शिरून जें पाहिलें, त्यानें आमची एक पस्तीस वर्षांची चूक आमच्या पदरांत घातली.

व्हिएन्नाहून मोटारीनें निघून आम्हीं स्लोव्हेनिया या लहानशा देशाच्या राजधानींत, ल्युब्लियाना येथें, मुक्काम केला व दुसऱ्या दिवशीं सकाळीं सुमारें ५० किलोमीटरांवरील पोस्टोयना या गांवीं पोंचलों. हा सारा मुलूख चुनखडीचा. येथील एका पठाराचें नांव क्रास. त्यावरूनच जगभर अशा भूमीस 'कार्स्ट' म्हणण्याची रूढि पडली. पिव्का नांवाची नदी येथें गुहेच्या तोंडाशींच भूमिगत होते, आणि तिनेंच युगानुयुगें हें विवर कोरलें आहे. आजवर मोजलेली त्याची लांबी सुमारें २४ किलोमीटर. त्यांपैकीं सुमारें ५ किलोमीटर प्रवाशांस दाखवितात.

गुहेंत बाराही महिने सुमारें १० अंश उष्णमान असतें, म्हणून ऐन ज्येष्ठांत आमच्या कुटुंबानें धाबळी पांघरली व आम्हीं कानटोपी चढविली. आंत जावयास चक्क आगगाडी! सन १८७२ मध्यें येथें रूळ घातले, तेव्हां वाटाडेच डबे हातांनीं ढकलीत. आतां गाडी विजेवर चालते. विजेचे दिवेही येथें सन १८८४ पासून आहेत. गाडी सुटतांच दोहों बाजूंचे खडक इतक्या जवळून धांवूं लागले कीं, आम्हीं खालीं घातलेली मान पुष्कळ वेळ वर केली नाहीं. प्रारंभींच्या भिंती काजळीनें काळ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सैन्यानें येथें इंधनाचा सांठा ठेविला होता. सन १९४४ मध्यें त्यांच्याशीं लढणाऱ्या स्थानिक वीरांनीं तो पेटवून दिला, त्याची ही खूण.

या गुहेचा आंतला भाग जगास ठाऊक झाला तो एका साध्या माणसामुळें. सन १८१८ मध्यें ऑस्ट्रियाचा बादशहा पहिला फ्रान्सिस येणार म्हणून गुहेची सजावट चालली होती. लुका चेच नांवाचा एक स्थानिक मनुष्य त्या कामावर असतां समोरचा कडा चढून अंधारांत दिसेनासा झाला, आणि परतला तो नव्या दालनांची वार्ता घेऊनच.

गाडींतून उतरल्यावर सुमारें दीड किलोमीटर पायीं चालावें लागतें. पहिल्या महायुद्धांतील रशियन युद्धकैद्यांनीं बांधलेला एक पूल आम्हीं ओलांडला. पुढें एका दालनांत छतापासून शेवयांसारख्या बारीक नळ्या हजारोंनीं लोंबत होत्या. कोठें दगडाचे पडदे, कोठें वडाच्या पारंब्या, कोठें समयांच्या रांगा! एक स्तंभ तर सुमारें ५ मीटर उंच आणि शुभ्र, जणुं आतांच उतू गेलेलें दूध गोठून उभें राहिलें आहे. आमच्या कुटुंबाचे हात नकळत जोडले गेले.

आठ वर्षांच्या नातीनें विचारलें, "आजोबा, हे खांब कशाचे आहेत?"

आम्हीं गंभीरपणें सांगितलें, "बाळ, हे लवणस्तंभ. लवण म्हणजे मीठ."

तिनें तें लगेच आमच्याबरोबरच्या वाटाड्या तरुणीस इंग्रजींत सांगितलें. ती हंसली, पण उपहासानें नव्हे. ती म्हणाली, "मीठ नव्हे, चुना." पावसाचें पाणी मातींतून झिरपतांना तेथील कार्बन डायॉक्साइड वायु शोषून घेतें व किंचित् आम्ल होतें. असें पाणी चुनखडी विरघळवितें. त्याचा थेंब गुहेच्या छताशीं लोंबूं लागला म्हणजे तो वायु उडून जातो व विरघळलेला चुना मागें राहतो. छताशीं राहिला तर अधोमुखी स्तंभ, खालीं पडून सांचला तर ऊर्ध्वमुखी. वाढ किती? तर दहा वर्षांत सुमारें एक मिलिमीटर. रसायनशास्त्रांत अशा पदार्थासही लवणच म्हणतात, हें खरें. परंतु तें स्वयंपाकघरांतलें मीठ नव्हे.

नात बोटांवर हिशेब करूं लागली. आम्हीं मात्र बाजूच्या कठड्यास घट्ट धरून उभे होतों. कारण आम्हांस एक मुलगा आठवला.

सन १९८८. इयत्ता सातवी, भूगोलाचा तास. लवणस्तंभ मिठाचे असतात, असें आम्हीं ठांसून सांगितलें. तेव्हां एका गवंड्याच्या मुलानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, मीठ तर पाण्यांत विरघळतें, मग पाण्यानें मिठाचा खांब वाढेल कसा? आपल्या ओढ्यावरच्या पुलाखालीं दर्जांतून असंच पांढरं लोंबतंय. ते चुन्याचं हाय, असं आमचा बा म्हणतो."

पुस्तकांत 'चुनखडीचा प्रदेश' हे शब्द आमच्या डोळ्यांसमोर छापलेले होते. पण 'लवण' शब्दाचा अर्थ आम्हांस पाठ, आणि पाठशाळेंत शिकलेल्या माणसास गवंड्याचा पोर शिकविणार काय, हा अहंकार त्याहून अधिक पाठ. आम्हीं त्याला घंटा होईपर्यंत आंगठे धरून उभें केलें. वर्ग हंसला. पुढें वर्षभर त्यानें एकही प्रश्न विचारला नाहीं, आणि त्याला शिस्त लागली असें आम्ही समजलों. गुहेच्या हिशेबानें त्या गोष्टीवर साडेतीन मिलिमीटर थर चढला होता.

बाहेर पडण्यापूर्वीं एका टाक्यांत येथील सुप्रसिद्ध जलचर पाहिला. तो आंधळा, फिकट, वीतभर लांबीचा. शंभर वर्षांपर्यंत जगतो आणि कित्येक वर्षें अन्नावांचून राहूं शकतो. सन २०१६ मध्यें येथें त्याच्या अंड्यांतून पिलें बाहेर पडलीं, हें मोठें अपूर्व मानलें गेलें. पूर्वीं पुरांत वाहून आलेले हे प्राणी पाहून लोक त्यांस अजगरासारख्या अग्निमुखी राक्षसाचीं पिलें समजत. तेथील भाषेंत त्याला 'मानवी मासा' म्हणतात; पण तो मानवही नव्हे आणि मासाही नव्हे, बेडकाच्या दूरच्या गोत्रांतला उभयचर आहे. नात म्हणाली, "म्हणजे याच्याही नांवानें फसायला होतं, आजोबा!" आम्हीं कांहींच बोललों नाहीं.

स्वदेशीं परतल्यावर आम्ही त्या विद्यार्थ्याच्या घरीं गेलों. तो आज वडिलांचाच व्यवसाय करितो. त्याचे केंस पिकूं लागले आहेत. गुहेचें चित्र त्याच्या हातीं देऊन आम्हीं म्हटलें, "तुझें बरोबर होतें. चूक आमची होती, आणि शिक्षा तुला झाली."

त्यानें चित्र बराच वेळ न्याहाळलें. मग म्हणाला, "आंगठे लई दुखले होते गुरुजी, एवढंच आठवतं." आणि पायांत चपला घालून तो आमच्यापुढें चालूं लागला.

पाऊस नुकताच उघडला होता. ओढ्यावरच्या त्या जुन्या कमानीखालीं आम्ही वांकून शिरलों. नोकरीच्या काळांत या पुलावरून आम्ही हजारों वेळां गेलों असूं. खालीं एकदांही डोकावलों नव्हतों. दगडांच्या दर्जांतून करंगळीएवढ्या पांढऱ्या नळ्या लोंबत होत्या आणि प्रत्येकीच्या टोंकाशीं एकेक थेंब थांबलेला होता. आम्हीं बोट पुढें केलें.

"हात लावूं नका, गुरुजी," तो म्हणाला, "मोडतात."

आम्हीं हात मागें घेतला.