खातं ऋत्विक घटकांचं

"ऋत्विक घटक मुख्यतः कशासाठी प्रसिद्ध?" हा प्रश्न चार सिनेमावेड्यांत टाकावा आणि चहा निवेपर्यंत मौज पाहावी. पहिला म्हणतो, 'मेघे ढाका तारा'. दुसरा 'सुवर्णरेखा' काढतो. तिसरा झब्बा-झोळीतला. तो डोळे मिटून 'जुक्ती तक्को आर गप्पो' पुटपुटतो, कारण ते नाव इतरांना धड उच्चारता येत नाही. चौथा 'अजांत्रिक'वाला. त्यात एक टॅक्सीवाला आपल्या खटारा गाडीवर जीव टाकतो, आणि या गृहस्थांच्या दारातही तशीच एक स्कूटर उभी असते. पाचवा पुण्याचा. १९६५च्या सुमारास घटक तिथल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये उपप्राचार्य होते. मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम त्यांचे विद्यार्थी. "हे शिष्य हीच त्यांची खरी कलाकृती," असं म्हणून पाचवा सगळं श्रेय लॉ कॉलेज रोडवर जमा करून मोकळा!

माणसाचे पुरे झालेले कथापट आठ. आठांत एवढी भाऊबंदकी!

माझं उत्तर साधं आहे: 'मधुमती'.

हे ऐकल्यावर लोक खुर्ची मागे सरकवतात. "अहो, तो बिमल रॉय यांचा!" दिग्दर्शन त्यांचंच. संवाद राजिंदरसिंग बेदींचे, संगीत सलील चौधरींचं, पडद्यावर दिलीपकुमार आणि वैजयंतीमाला. पण कथा कोणाची? श्रेयनामावली पाहा की राव. ऋत्विक घटक! १९५८चा हा चित्रपट. नऊ फिल्मफेअर पारितोषिकं मिळवली आणि तो विक्रम १९९५च्या 'दिलवाले दुल्हनिया'पर्यंत टिकला.

आता मी पडलो बँकेतला कारकून. आमच्याकडे 'उत्तम' आणि 'प्रसिद्ध' ही दोन वेगळी खाती. उत्तम म्हणजे आपल्याला काय भावलं. प्रसिद्ध म्हणजे किती जणांना ठाऊक आहे. एका खात्याची रक्कम दुसऱ्यात टाकली तर संध्याकाळी मेळ बसत नाही. यांचा तर गेली कित्येक वर्षं बसलेला नाही!

"पण ते त्यांनी पोटासाठी लिहिलं!" बरं मग? पोट असणं गुन्हा आहे का? मुंबईत फिल्मिस्तानच्या नोकरीत घटकांचं मन रमलं नाही, ते कलकत्त्याला परतले. तिथे काय झालं? 'मेघे ढाका तारा'ने (१९६०) तेवढे पैसे मिळवले, 'कोमल गांधार' (१९६१) आपटला. १९५२ साली तयार झालेला 'नागरिक' लोकांसमोर आला १९७७ला. घटक १९७६च्या फेब्रुवारीतच गेले होते. आणि गंमत म्हणजे नाटकापेक्षा सिनेमा जास्त लोकांपर्यंत पोहोचतो, म्हणूनच हा माणूस सिनेमात आला. त्यांनीच तसं सांगून ठेवलंय. म्हणजे डोकी मोजणं हा माझा कारकुनी चावटपणा नव्हे, मूळ खातेदाराचीच सूचना आहे.

"तुमच्या मधुमतीवाल्यांना घटक हे नाव तरी माहीत आहे का?" नाही! दूरदर्शनवर 'मधुमती' पाहताना आमच्या आईचा पदर ओला व्हायचा, पण कथा कोणाची हे तिने कधी विचारलं नाही. नोटेवर गव्हर्नरची सही असते; ती वाचून कोणी भाजी घेतं का? नोट चालते ना, मग झालं.

आणि माल तोच आहे हो! 'मधुमती'त एका जमीनदाराच्या दांडगाईने जीव गमावणारी मुलगी, आणि डोंगरात घुमणारा तिचा आवाज. दोनच वर्षांनी 'मेघे ढाका तारा'. निर्वासित घर पोसता पोसता क्षयाने खंगलेली नीता शिलाँगच्या डोंगरात भावाला ओरडून सांगते की मला जगायचं होतं, आणि डोंगर ते घुमवत राहतात. पहिला आवाज ऐकून रडलेल्या माणसाला दुसरा कळणार नाही, असं कोणी ठरवलं? आमच्या आईला मी नीता दाखवली. दुभाषा लागला नाही.

पण आमच्या जाणकारांना नेमकं तेच नको असतं. आपला घटक चारचौघांना आवडला तर आपलं काय उरणार, ही खरी धास्ती! म्हणून चाळीस खुर्च्यांच्या हॉलला आतून कडी लावून बसायचं, आणि वर हळहळायचं की बिचाऱ्याला जिवंतपणी प्रेक्षक मिळाले नाहीत. अहो, मिळाले होते. दाराबाहेर 'मधुमती'चं तिकीट घेऊन उभे आहेत. आधी ती कडी काढा.