अण्णांचा चष्मा आणि सहा मिलिमीटर

तर झालं असं. जळकोटला अण्णांच्या चष्म्याची काच तडकली. नव्या चष्म्यासाठी उदगीरला जायचं म्हणजे एसटीची वाट बघा, दुकानात ताटकळा आणि तयार झाला की पुन्हा तीच फेरी. म्हटलं कशाला? पुण्यात बसून मीच ऑनलाईन मागवतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो होताच. नंबर भरले, फ्रेम निवडली. एक रकाना मात्र चिठ्ठीत नव्हता: पीडी, म्हणजे दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर. मोठ्या माणसांचं सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं असं वाचलं आणि ६३ ठोकून दिलं. चष्मा घरपोच. मी खूश!

तीन आठवड्यांनी आईचा फोन. "अरे, हे संध्याकाळी पारावर जाईनात. पायरी उतरताना भिंत धरतात." अण्णांना विचारलं तर म्हणे, "चष्मा चांगलाय रे. माझंच डोकं दुखतंय. वय झालं आता."

हे वाक्य मला अजून टोचतं. नवी चप्पल चावली तर आपण चपलेला शिव्या देतो. चष्म्याने त्रास दिला की म्हातारं माणूस स्वतःला दोष देतं. त्यात तो लेकाने पाठवलेला, मग तर तक्रार नकोच.

गावी गेल्यावर मी अण्णांना एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. एकेका डोळ्याने स्वच्छ, दोन्ही उघडले की ताण. मेख इथेच आहे, बरं का. एकेका डोळ्यानेही अंधुक दिसलं तर संशय नंबरवर किंवा सिलिंडरच्या अक्षावर घ्यावा (अक्ष ३० अंशांनी चुकला तर सिलिंडरचा सगळा फायदा पुसला जातो). एकेकाने नीट आणि दोन्हींनी त्रास, तर काचांची केंद्रं तपासावीत.

उदगीरच्या दुकानदाराने मशीनवर धरून दोन्ही काचांच्या केंद्रांवर शाईचे ठिपके दिले. नंबर बरोबर. ठिपक्यांमधलं अंतर ६३, मी सांगितलं तस्सं! अण्णांची पीडी निघाली ५७.

आता हिशेब बघा. केंद्र जितके सेंटीमीटर सरकलं, त्याला नंबरने गुणायचं, म्हणजे प्रिझम मिळतो. अण्णांचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे ५. प्रत्येक डोळ्यामागे ३ मिलिमीटर चूक, म्हणजे ०.३ गुणिले ५, दीड. दोन्ही मिळून ३. म्हणजे पाच मीटरवरची वस्तू दोन डोळ्यांना एकमेकांपासून १५ सेंटीमीटर सरकलेली दिसणार. डोळे बाहेरच्या बाजूला ताणून ती जुळवायची, दिवसभर! नंबर १ असता तर हीच चूक ०.६ वर भागली असती. कमी नंबरवाल्यांना सरासरी चालून जाते ती म्हणूनच.

"सवय होईल" हे आपलं ठरलेलं उत्तर. नव्या सिलिंडर नंबरला काही दिवस सवय लागते, खरं आहे. पण चुकीच्या जागी बसलेलं केंद्र सवयीने जागेवर येत नाही.

ऑनलाईन चष्मा वाईट, असं मी म्हणणार नाही. जळकोटसारख्या गावात ती सोयच आहे. पण दुकानदार डोळ्यांपुढे पट्टी धरतो ते मिनिटभराचं काम आपण फुकटचं समजतो, आणि ऑनलाईन मागवताना तेच वगळतो. माझं मत स्पष्ट आहे: डोळे तपासले की पीडी चिठ्ठीवर लिहून मागावी आणि ती नसेल तर ऑर्डर थांबवावी. दुसऱ्याच्या डोळ्यांचा रकाना आपल्या अंदाजाने भरू नये. चूक कंपनीची नव्हती, माझी होती.

५७ चा चष्मा आला. अण्णा पुन्हा पारावर जाऊ लागले. मी विचारलं, "आधी का नाही सांगितलं?"

"तू पाठवला होतास ना."

असो. मंडळी, आई-वडिलांना "चष्मा कसा आहे?" असं विचारू नका. उत्तर "चांगलाय" हेच येणार. एक डोळा झाकून बघायला सांगा.