पासपोर्ट पोर्तुगालचा, नोकरी ब्रिटनची. बायकोच्या व्हिसाला मात्र पगाराची अट

तुळशीचं लग्न झालं की बेळगाव, खानापूर, चंदगड, सावंतवाडी आणि गोव्यात सोयरिकींची बोलणी सुरू होतात. राज्यांच्या सीमा नकाशावर असल्या तरी पाहुणेसंबंधांनी त्या कधी मानल्या नाहीत. गेल्या काही वर्षांत या बोलण्यांत एक वाक्य वारंवार कानावर पडतं : 'मुलाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, ब्रिटनला असतो, लग्न झालं की मुलगी लगेच जाईल.' यातला पासपोर्ट खरा असतो, नोकरीही खरी असते. 'लगेच' हा शब्द मात्र १ जानेवारी २०२१ पासून खरा राहिलेला नाही. तरीही बैठकीत तो बोलला जातो, साखरपुडा होतो, लग्न लागतं आणि मग मुलगी महिनोन्‌महिने माहेरी किंवा सासरी कागदांची वाट बघत बसते.

पासपोर्टची ताकद कुठे संपली?

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. ख्रिस्ती कुटुंबांबरोबर हिंदू आणि मुस्लिम कुटुंबांनीही हा मार्ग धरला. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, त्यामुळे भारतीय नागरिकत्व सुटतं. पण पोर्तुगाल युरोपीय संघात आणि ब्रिटनही तेव्हा संघात, म्हणून हा पासपोर्ट म्हणजे ब्रिटनमध्ये राहण्याचा आणि काम करण्याचा थेट हक्क होता. स्विंडन, साउथॉल या भागांत गोवेकरांची वस्ती वाढली ती अशी. बायकोला न्यायलाही फार अडचण नव्हती, कारण युरोपीय नागरिकाच्या जोडीदाराला त्याच्याबरोबर राहण्याचा हक्क होता.

ब्रिटन संघातून बाहेर पडलं आणि संक्रमणाचा काळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. या एका तारखेने गोव्याच्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांचे तीन गट झाले.

पहिला गट : मुलगा त्या तारखेआधी ब्रिटनमध्ये राहत होता, त्याला 'सेटल्ड' किंवा 'प्री-सेटल्ड' दर्जा मिळाला आणि लग्नही त्या तारखेआधी झालं. अशा जोडप्यात बायकोला 'ईयू सेटलमेंट स्कीम'खाली फॅमिली परमिट मागता येतं. त्याला फी नाही, पगाराची अट नाही, आरोग्य अधिभारही नाही.

दुसरा गट : मुलगा आधीपासून ब्रिटनमध्ये आहे, दर्जाही आहे, पण लग्न २०२१ नंतरचं. आजच्या बहुतेक सोयरिकी याच गटात मोडतात. इथे पोर्तुगीज पासपोर्टचा उपयोग जवळपास संपतो. ब्रिटिश नागरिकाच्या परदेशी बायकोला जो साधा 'स्पाउस व्हिसा' लागतो, तोच इथे लागतो.

तिसरा गट : मुलाने पासपोर्ट काढला, पण २०२० संपेपर्यंत तो ब्रिटनला राहायला गेलाच नव्हता. त्याला या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये नोकरीचा हक्कच नाही. त्याला स्वतःसाठी कामाचा व्हिसा काढावा लागतो. बायकोचा प्रश्न त्यानंतरचा.

काही घरांत म्हणतात, 'लग्न २०२२ चं असलं तरी बोलणी २०१९ लाच झाली होती.' नियमात टिकाऊ नातेसंबंधाची सोय आहे. पण त्यासाठी साधारणपणे दोन वर्षं एकत्र राहिल्याचा किंवा तितकाच भक्कम दुसरा पुरावा मागतात. आपल्याकडे लग्नाआधी एकत्र राहण्याची रीत नाही. साखरपुड्याची पत्रिका आणि फोटो एवढ्यावर ही अट भागवणं फार अवघड आहे.

२९,००० पौंडांचं गणित

दुसऱ्या गटासमोरची सगळ्यात मोठी अट पैशांची आहे. ब्रिटनने जुलै २०१२ मध्ये जोडीदाराला बोलावणाऱ्यासाठी वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्नाची अट घातली. ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड झाली. पौंडाचा भाव ११५ रुपये धरला तर ही रक्कम ३३ लाख रुपयांच्या वर जाते. गावाकडे आकडा ऐकून लोकांना वाटतं, 'लंडनला असणाऱ्याला एवढा पगार असणारच.'

हिशेब मांडून बघूया. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये २१ वर्षांवरच्या कामगाराचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं होतं. आठवड्याला ४० तास आणि वर्षाचे ५२ आठवडे भरपगारी धरले तर त्या दराने वर्षाचे व्हायचे सुमारे २५,३९७ पौंड. म्हणजे पूर्णवेळ काम करूनही ३,६०० पौंड कमीच पडायचे. अट गाठायला त्याच दराने आठवड्याला जवळजवळ ४६ तास भरावे लागायचे. गोदामात, सफाईच्या कामात, हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या बऱ्याच जणांचा पगार याच पातळीच्या आसपास असतो. थोडक्यात, कायद्याने ठरवलेला किमान पगार प्रामाणिकपणे कमावणारा माणूस बायकोला बोलावायला अपुरा ठरतो.

यात आणखी तीन खाचा आहेत. बायको इकडे शिक्षिका असो की बँकेत नोकरीला, तिचा भारतातला पगार या हिशेबात धरत नाहीत. हातात रोख मिळालेली मजुरी पे-स्लिप आणि बँक स्टेटमेंटमध्ये दिसत नसेल तर तीही बाद. नोकरी एकाच ठिकाणी असेल तर किमान सहा महिन्यांच्या पे-स्लिप आणि त्याच महिन्यांची स्टेटमेंट जुळावी लागतात. अर्जाच्या तोंडावर नोकरी बदलली तर कागदांचं गणित पुन्हा मांडावं लागतं. उत्पन्न नसेल तर बचतीवरही भागतं, पण ती ८८,५०० पौंड असावी लागते आणि सहा महिने खात्यावर असावी लागते. शेत विकूनही हा आकडा बहुतेकांच्या आवाक्यातला नाही.

आधीच्या सरकारला ही अट ३८,७०० पौंडांपर्यंत न्यायची होती. जुलै २०२४ मध्ये आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने पुढची वाढ थांबवली आणि स्थलांतर सल्लागार समितीकडे विषय सोपवला. जून २०२५ च्या अहवालात समितीने कुशल कामगारांच्या पगाराला जोडलेला ३८,७०० चा आकडा कुटुंबाच्या व्हिसाला लावू नये, असं स्पष्ट म्हटलं. मात्र अहवाल आला म्हणून नियम आपोआप बदलत नाही.

ब्रिटन सरकारचं म्हणणं असं की, बाहेरून येणाऱ्या जोडीदाराचा भार करदात्यांवर पडू नये. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये किमान उत्पन्नाची अट तत्त्वतः मान्य केली. मुलांच्या हिताचा पुरेसा विचार केला नाही, असा ठपकाही ठेवला. पण एक विसंगती उरतेच. या व्हिसावर आलेल्या बायकोला सरकारी भत्ते मिळत नाहीत आणि आरोग्यसेवेचा अधिभार ती आधीच भरते. भत्त्याचं दार बंदच असेल, तर एवढ्या उंच उंबरठ्याने करदात्याचं नेमकं काय वाचतं, याचं समाधानकारक उत्तर मिळत नाही. फटका बसतो तो कमी पगाराच्या माणसाला.

फी किती?

एप्रिल २०२५ च्या दरांनुसार भारतातून स्पाउस व्हिसाची फी १,९३८ पौंड होती. आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. व्हिसा ३३ महिन्यांचा असला तरी अधिभार तीन वर्षांचा, म्हणजे ३,१०५ पौंड. पहिल्याच टप्प्यात ५,०४३ पौंड, साधारण ५ लाख ८० हजार रुपये. पुढे ३० महिन्यांच्या मुदतवाढीला १,३२१ पौंड फी आणि २,५८७.५० पौंड अधिभार. पाच वर्षांनी कायम वास्तव्यासाठी ३,०२९ पौंड. सगळं मिळून जवळपास १२,००० पौंड, म्हणजे पावणेचौदा लाख रुपये. दर वाढले तर आकडा वाढणार. यात इंग्रजीची परीक्षा, क्षयरोगाची तपासणी, भाषांतरं, विमानाचं तिकीट आणि एजंटची फी धरलेली नाही.

सही की अक्षता?

पैशांची बाजू जमली तरी लग्नाचा कागद उरतो, आणि सीमाभागात तो विशेष गुंतागुंतीचा आहे. गोव्यात लग्नाची नोंद नागरी कायद्याने होते. पहिली सही म्हणजे इच्छा नोंदवणं, मग हरकतींची मुदत, आणि दुसरी सही झाली की हिंदू जोडप्याचं कायद्याने लग्न लागलं, मंडपात अक्षता पडोत न पडोत. घाट चढून बेळगावला आलं की कायदा उलटा. हिंदू विवाह कायद्यात विधी म्हणजे लग्न, आणि सब-रजिस्ट्रारकडची नोंद हा त्याचा पुरावा.

म्हणूनच 'व्हिसासाठी आधी कागद करून घेऊ, लग्न मे महिन्यात बघू' ही युक्ती दोन्हीकडे धोक्याची आहे. गोव्यात सह्या झाल्या आणि पुढे सोयरीक फिसकटली तर सुटकेला कोर्टाची पायरी चढावी लागते. कर्नाटक-महाराष्ट्रात विधी न करता नुसतं प्रमाणपत्र काढलं तर ते लग्नच ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ च्या निकालात हे सांगितलं, आणि व्हिसासाठी अशी आगाऊ नोंदणी करण्याच्या प्रथेवरही बोट ठेवलं. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते. तीन आठवड्यांच्या रजेवर आलेल्या नवरदेवाला ती पुरत नाही. नोटिशीचं वेळापत्रक तिकीट काढण्याआधी ठरवायला हवं.

नावांचा घोळ वेगळाच. लग्नानंतर मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, प्रमाणपत्र सासरच्या नावाचं, आणि शाळेच्या दाखल्यावर स्पेलिंग तिसरंच. बेळगावकरांना आणखी एक अडचण आहे : १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं नाव अधिकृतपणे 'बेळगावी' झालं, त्यामुळे जुन्या-नव्या कागदांवर जन्मगाव वेगळं दिसतं. ब्रिटनच्या व्हिसासाठी मुलीने नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. व्हिसा हाती येईपर्यंत माहेरचंच नाव ठेवलं तर निम्मी कटकट टळते. मराठी किंवा कन्नडमधल्या प्रत्येक कागदाला प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. आणि कागद 'बसवून देणारा' एजंट भेटला तर त्याला लांबूनच नमस्कार केलेला बरा. खोटा कागद सापडला तर दहा वर्षांपर्यंत ब्रिटनचं दार बंद होऊ शकतं.

मुलाने आणखी एक काम करायला हवं. भारतात झालेलं लग्न पोर्तुगालच्या दफ्तरी चढवणं. ते केलं नाही तर लिस्बनच्या नोंदीत तो अविवाहितच राहतो. बायको-मुलांच्या पुढच्या हक्कांना तिथेच खीळ बसते.

तेच जोडपं, दुसरा देश

हेच जोडपं आयर्लंड किंवा जर्मनीत राहायचं ठरवेल तर चित्र पालटतं. हे देश युरोपीय संघात असल्याने तिथे नोकरी करणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाच्या बायकोला २००४ च्या युरोपीय निर्देशानुसार त्याच्याबरोबर राहण्याचा हक्क आहे. व्हिसा लागला तर तो मोफत द्यावा लागतो आणि २९,००० सारखा ठरीव आकडा आडवा येत नाही. नवऱ्याला तिथे खरोखर काम मिळवावं लागेल, भाषा आणि घरभाड्याचा प्रश्न येईल, हे खरंच. पण ब्रिटनमध्ये दोन-तीन वर्षं पगार वाढायची वाट बघण्यापेक्षा काही कुटुंबांना हा पर्याय व्यवहार्य ठरू शकतो. सोयरिकीच्या बैठकीत तो क्वचितच मांडला जातो.

मुलीच्या बाजूने बघताना

या सगळ्यात सर्वाधिक जोखीम मुलगी घेते. व्हिसा नवऱ्याच्या नात्यावर आणि सुरुवातीला त्याच्याच पगारावर उभा असतो. तिथे पोचल्यावर मात्र तिला नोकरी करण्याची पूर्ण मुभा असते, आणि मुदतवाढीच्या वेळी तिचा ब्रिटनमधला पगारही हिशेबात धरतात. छळ झाला तर केवळ व्हिसाच्या भीतीने सहन करायची गरज नाही. स्पाउस व्हिसावरच्या पीडित जोडीदाराला घरगुती हिंसाचाराच्या आधारे स्वतंत्रपणे कायम वास्तव्य मागता येतं. पासपोर्ट आणि सगळ्या कागदांच्या प्रती तिच्या स्वतःजवळ, आणि एक संच माहेरी असायला हवा.

बैठकीत पत्रिका, मानपान, हॉल आणि जेवणाच्या ताटाचा दर यांवर तासन्‌तास चर्चा होते. त्यातली दहा मिनिटं चार प्रश्नांना द्यावीत : मुलगा ब्रिटनला कोणत्या साली राहायला गेला? त्याचा दर्जा सेटल्ड, प्री-सेटल्ड की कामाचा व्हिसा? गेल्या सहा महिन्यांच्या पे-स्लिपवर वर्षाचा हिशेब किती होतो? आणि अट गाठायला वेळ लागला तर तोवर मुलगी कुठे राहणार, तिची नोकरी सुटणार की चालू राहणार? हे विचारण्यात अविश्वास नाही. मुलाच्या घरच्यांनीच हे कागद आपणहून पुढे ठेवले, तर 'लगेच' या शब्दाच्या भरवशावर मुलीला माहेरची नोकरी सोडावी लागणार नाही.