आधी पाइप, मग मोटर
रंधा-पटाशी / सुतारपक्षी

घरच्या वर्कशॉपसाठी डस्ट कलेक्टर दीड एचपीचा घेऊ की तीनचा, हा प्रश्न वाचकांकडून इतक्या वेळा येतो की त्याचं उत्तर एकदाचं इथेच देऊन टाकतो. मोटर कितीची हे नंतर ठरवा, आधी पाइपाचा नकाशा कागदावर काढा. मोटरवर सढळ हाताने खर्च करायचा आणि पाइप घेताना हात आखडता घ्यायचा, हा प्रकार बऱ्याच हौशी वर्कशॉपांत दिसतो. मोटर गरगरते, आवाज कारखान्याचा येतो आणि टेबल सॉच्या खाली भुशाचा ढीग असतो तसाच राहतो.

मुळात हे लचांड कशासाठी? जमिनीवरचा भुसा केरसुणीने निघतो, रंध्याचे छिलके पोत्यात भरता येतात. तेवढ्यासाठी पाइप नकोच. पाइप हवा तो न दिसणाऱ्या भुग्यासाठी. करवत थांबल्यावरही तो कितीतरी वेळ हवेत तरंगतो आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाला जुमानत नाही. इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्या बनवणाऱ्यांचं गाव. तिथल्या फर्निचर कामगारांमध्ये नाकाच्या पोकळीतला, एरवी दुर्मीळ असलेला कर्करोग वारंवार दिसतोय, हे तिथल्या नाक-कान-घशाच्या सर्जन एस्मे हॅडफिल्ड यांच्या ध्यानात आलं. १९६०च्या दशकात ऑक्सफर्डच्या संशोधकांबरोबर त्यांनी ते आकड्यांनिशी मांडलं. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे कर्करोगाचं कारण म्हणून शंका उरली नाही. युरोपात आज कठीण लाकडाच्या धुळीची कामाच्या जागेवरची मर्यादा, आठ तासांच्या सरासरीने, घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे. आपली १० बाय १२ची, नऊ फूट उंचीची खोली धरली तर सगळ्या खोलीत मिळून साठेक मिलिग्रॅम. चिमटीत धरायलाही पुरे होत नाही. हौशी माणूस रोज आठ तास कापत बसत नाही, हे खरं. पण कारखान्याची उंच छपरं आणि मोकळी हवाही त्याच्याकडे नसते.

आता पाइपाकडे येऊ. भुसा वाटेत न बसता वाहून जायचा तर हवेला सेकंदाला वीस मीटरच्या आसपास वेग लागतो. त्या वेगाने ११० मिलिमीटरच्या पाइपातून मिनिटाला साधारण पावणेचारशे घनफूट हवा जाते, १६०च्या पाइपातून दुपटीहून जास्त. टेबल सॉचा भुगा खालून आणि पात्याच्या वरून, असा दोन्हीकडून धरायचा तर पहिला आकडा तोकडा पडतो. तेवढ्याच पाइपातून जास्त हवा ढोसू म्हणाल, तर अडथळा असा वाढतो की पंखा हात टेकतो. हवा तेवढीच असली तरी ११०मध्ये १६०च्या सहा पटींहून अधिक दाब खर्ची पडतो. कलेक्टरचा पंखा हवा भरपूर हलवतो, पण व्हॅक्युम क्लीनरसारखा जोर त्याच्याकडे नसतो. कॅटलॉगमधला हवेचा आकडा तर बहुतेकदा पाइप नाही, फिल्टर नाही, अशा मोकळ्या पंख्याचा असतो. उलट चूकही होते. लहान पंख्याला १६०चा पाइप लावला तर वेग पडतो आणि भुसा उभ्या पाइपात वर चढतच नाही. अशांनी शेतीच्या पाइपांतला १४०चा पाहावा. आणि यंत्राच्या मागचं शंभराचं तोंड कापून मोठं करायची हिंमत नसेल, तर पुढचा सगळा खर्च अर्धा वाया गेलाच म्हणून समजा.

हार्डवेअरच्या दुकानात बैठ्या घरासाठी १६०चा एसडब्ल्यूआर, म्हणजे सांडपाण्याचा, पाइप मागितला की पहिला प्रश्न येतो, “किती मजली बिल्डिंग आहे, साहेब?” प्लंबर तर त्याहून गोंधळतो. त्याला हवेचं गणित सांगू नका. यंत्र म्हणजे मोरी आणि कलेक्टर म्हणजे चेंबर, एवढं सांगितलं की त्याचे हात आपोआप बरोबर चालतात. वायची फांदी वाहत्या दिशेला झुकते, सॉकेटचं तोंड यंत्राकडे राहतं. त्याच्या दोन सवयी मात्र मोडाव्या लागतात. एक, काटकोनी टी आणि एल्बो. पाणी वजनाने कसंही खाली जातं, हवेला प्रत्येक काटकोन महागात पडतो. तिथे पंचेचाळीसचे दोन बेंड, मध्ये पाइपाचा छोटा तुकडा. दुसरी सवय सोल्युशनची. तुम्ही वर्षभरात बँडसॉ घेणार आणि सगळी मांडणी बदलणार, हे त्याला ठाऊक नसतं. रबर रिंगचे जोड घ्या, हवा राखतात आणि सुटतातही. कोपऱ्याला डोअर बेंड बसवला तर अडकलेली ढलपी काढायला पाइप तोडावा लागत नाही.

पण खरं सांगू का, भिंतभर पाइपांचं जाळं व्हिडिओत शोभतं ते अमेरिकेतल्या दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये. आपल्या १० बाय १२मध्ये यंत्रांनाच चाकं लावावीत आणि कलेक्टरच्या जवळ आणावीत. चांगला पाइप म्हणजे आखूड पाइप. वळ्यावळ्यांची लवचीक नळी तर हातभरापेक्षा जास्त नकोच, गुळगुळीत पाइपाच्या दोन-तीन पट अडथळा ती एकटी करते.

अमेरिकेची आणखी एक गोष्ट आपण डोळे मिटून उचलली आहे. तिथे हिवाळ्यात तापवलेली हवा बाहेर फेकणं परवडत नाही, म्हणून ती महागड्या फिल्टरमधून गाळून परत खोलीत सोडतात. आपल्याकडे तापवायचं काय? बंगला असेल, शेतघर असेल, तर सायक्लोनच्या भोवऱ्यात भुसा पाडून उरलेली हवा सरळ बाहेर सोडावी आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. सोसायटीत मात्र शेजारच्या गच्चीवर वाळवण असतं, तिथे फिल्टरला पर्याय नाही. मग तो एक मायक्रॉनच्या जवळपासचा तरी घ्या. तीस मायक्रॉनची कापडी पिशवी खालचा भुगा उचलून वर उडवते, एवढंच.

पीव्हीसीत स्थिर वीज तयार होते आणि स्फोट होतो, ही भीती कारखान्यांच्या नियमांतून घरात शिरली आहे. कारखान्यात धातूचा, अर्थिंग केलेला पाइपच हवा. घरात त्याहून मोठा धोका भुशात जाणाऱ्या खिळ्याचा. तो पोलादी पंख्यावर आपटून ठिणगी पडू शकते आणि भुशाची पिशवी आतल्या आत धुमसू शकते. काम संपलं की पिशवी रिकामी करावी.

जोडणी झाल्यावर, पाइप कोराच असताना, पंखा चालू करून उदबत्ती प्रत्येक जोडाजवळून फिरवा. धूर आत ओढला गेला की तिथे गळती आहे. प्रत्येक फांदीला प्लायची सरकती झडप करा. चालू यंत्राची उघडी, बाकी बंद. सगळ्या एकदम बंद मात्र करू नका, पातळ पाइप चेपू शकतो.

सँडर आणि राउटर या पाइपाला जोडूच नयेत. त्यांच्या बारीक नळीतून कलेक्टरला हवाच मिळत नाही. त्यांना व्हॅक्युम क्लीनर लागतो, आणि तो कोणता, यावर पुढच्या आठवड्यात.