कॉलेज बघायला जाताय? आधी पेशंट मोजा!

नीटचा निकाल लागला की आमच्याकडे दोन धंदे तेजीत येतात. एक जमिनीच्या दलालांचा, दुसरा ॲडमिशनच्या एजंटांचा. दोघांचं गिऱ्हाईक एकच असतं.

मग सुरू होतात चर्चा. डीम्डला फी वर्षाला वीस-पंचवीस लाख, पण कॅम्पस काय भारी! हॉस्टेलला एसी, मेसला चार भाज्या. अहो, पोरगं तिथं लग्नाला चाललंय की डॉक्टर व्हायला?

मुख्य प्रश्न कुणीच विचारत नाही. वॉर्डात पेशंट किती आहेत?

डॉक्टर पुस्तकाने अर्धाच होतो. बाकीचा होतो पोट दाबून, छातीला आला लावून, रात्री तीन वाजता अडलेल्या बाईच्या बाळंतपणाला उभं राहून. केईएम, जेजे, ससून, नागपूरचं मेडिकल इथल्या भिंतींचा रंग उडालेला असेल, हॉस्टेलला पाण्याची बोंब असेल. पण तिथला इंटर्न महिन्याभरात जे बघतो, ते रिकाम्या वॉर्डांच्या चकचकीत कॉलेजात साडेचार वर्षांत दिसत नाही. आणि फक्त सरकारीतच हे मिळतं असंही नाही. सेवाग्रामचं कॉलेज १९६९ पासून ट्रस्ट चालवतो. थाट शून्य, पण आजूबाजूच्या खेड्यांतून पेशंट येतात आणि शिकवणारे जागेवर असतात.

आता सरकारचीही बाजू घेत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एका दिवसात १० सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. हिंगोली, वाशिम, गडचिरोली, जालना... गरज होतीच, वाद नाही. पण पाटी एका दिवसात लागते, प्रोफेसर लागत नाही. जिल्हा रुग्णालय जोडून घेतलं की पेशंट मिळतात, पण शरीरक्रियाशास्त्र कोण शिकवणार? तपासणी आली की जुन्या कॉलेजातले मास्तर नव्या कॉलेजात पाठवायचे आणि तपासणी झाली की परत न्यायचे, हा खेळ या खात्यातल्या कुणालाही विचारा.

म्हणजे नव्या सरकारीत पेशंट आहेत, मास्तर नाहीत. बऱ्याच खासगीत इमारत आहे, पेशंट नाहीत. नियम म्हणतो १०० जागांच्या कॉलेजला ४२० खाटा हव्यात आणि त्यातल्या ८० टक्के भरलेल्या हव्यात. तपासणीच्या दिवशी त्या भरतातही! २०२५ मध्ये सीबीआयने याच प्रकारावर गुन्हा नोंदवला. आरोपींत तपासणी करणारे डॉक्टर आहेत, आरोग्य मंत्रालयातले लोक आहेत. आरोप असे की तपासणीच्या तारखा आधीच फुटत होत्या, प्राध्यापक खोटे होते, पेशंटही खोटे. कोर्टात काय सिद्ध व्हायचं ते होईल. तुमची फी तोवर थांबणार आहे का?

आणि परदेश. जॉर्जिया, रशिया, फिलिपिन्स. एजंट सांगतो, 'इंग्लिश मीडियम आहे काका.' वर्ग असेल इंग्लिशमध्ये, पेशंटचं काय? तिबिलिसीतल्या आजीबाई पोटात कुठं दुखतं ते जॉर्जियनमध्येच सांगणार. पोराला ते कळलं नाही तर सहा वर्षं तो लांबूनच बघणार. परत आल्यावर एफएमजीईला बसणाऱ्यांतले बहुसंख्य नापास होतात, ती पोरं ढ असतात म्हणून नाही.

तेव्हा जाहिरात बाजूला ठेवा आणि साध्या मंगळवारी सकाळी दहाला न सांगता जा. ओपीडीची रांग बघा. मेडिसिनच्या वॉर्डात किती खाटा भरल्यात ते मोजा. कँटीनमध्ये थर्ड इयरच्या पोरांना विचारा: आजवर किती बाळंतपणं बघितली? इंटर्नला विचारा: स्टायपेंड खरंच हातात येतो का? तासाभरात एजंटच्या सगळ्या पीपीटीपेक्षा जास्त कळेल.

पण खरं तर हे काम बापाने एसटीने फिरून करायचं नाहीये. प्रवेशाच्या यादीत कॉलेजच्या नावापुढे फी आणि जागा छापता, तसंच रोजची ओपीडी, भरलेल्या खाटा, मंजूर पदं आणि भरलेली पदं छापा. सीईटी सेलला आणि वैद्यकीय शिक्षण खात्याला ही माहिती एका आठवड्यात गोळा करता येईल. छापत का नाहीत, हे आपापल्या आमदाराला विचारा. त्यांच्यातल्या काहींची स्वतःचीच कॉलेजं आहेत, त्यांना तर नक्की विचारा.