गॉडझिला पुन्हा येतोय



वेस्टमीडला आमच्या घरी सध्या एकच विषय, गॉडझिला. 2014 साली हॉलिवूडने त्याला नव्याने उभा केला, मग काँगशी त्याची झुंज लावली. 2021 आणि 2024 च्या दोन्ही सिनेमांचं बरंचसं शूटिंग आपल्या गोल्ड कोस्टला झालं. आता पुढचा भाग, 'सुपरनोव्हा', मार्च 2027 मध्ये येणार असं जाहीर झालंय. नातू दिवस मोजतोय.

मुलांनो, मूळ गॉडझिला जपानचा, 1954 चा. अणुबॉम्बचा धसका घेतलेल्या लोकांनी तो काढला, म्हणून त्यात मजा कमी, भीती जास्त. 2004 च्या जपानी सिनेमात तर आपलं ऑपेरा हाऊसच मोडलं!

आणि आजी-आजोबांनो, 1966 चा हिंदी 'गोगोला' आठवतो का? तबस्सुम होती त्यात. नातू म्हणतो, "आजोबा, दाखवा ना!" कुठून दाखवणार? आम्हाला तो कुठे मिळालाच नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन आम्ही दोन वर्षं टाळत होतो. आता मार्चच्या आत करून घेणार. नातवाने तिकिटांचे पैसे साठवायला घेतलेत, दोन तिकिटांचे.